‘जरूर वाचा’ने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांमधून नव्या कादंबऱ्यांच्या शिफारशी छापून येतात. त्यातल्या गुन्हेकथा आणि समकालीन कादंबऱ्या यांच्यापुरतं हे पत्र आहे. शिफारशी कमी येतात असं आमचं म्हणणं नाही. त्या वाचून वाचनालयात आलेल्या माणसाला पुस्तक न्यावं की ठेवावं हे ठरवता येत नाही, ही अडचण आहे. ‘एका बैठकीत संपणारी’, ‘शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी’, ‘समकालीन वास्तवाचा वेध घेणारी’ ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला लावा, चालून जातात. आणि जिथे माहिती दिलेली असते तिथे नेमकी नको ती असते. खुनी कोण ते कुणी छापत नाही हे खरं. पण ‘वरवर सज्जन वाटणाऱ्या मामांवर नजर ठेवा’ असं लिहिल्यावर उरलं काय?

१८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं, ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पुस्तकपेट्या बाहेर धाडणारं नाशिक हे शहर आहे. इथे वाचक आहे, आणि तो एकसारखा नाही. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठणारा पासधारक, सातपूर-अंबडच्या पाळ्या करणारा कामगार, दुपारी निवांत वाचणाऱ्या गंगापूर रोडच्या आजी, या तिघांना एकच पुस्तक ‘जरूर वाचा’ म्हणून देता येत नाही. पासधारकाला लहान प्रकरणांची गुन्हेकथा चालते, कारण इगतपुरीला डबा उघडला की पुस्तक मिटायचं असतं. सात-आठ निवेदकांची कादंबरी त्याच्या हाती दिली तर सोमवारी तो कोण कुणाचा ते विसरलेला असतो. दोष पुस्तकाचा नाही, देणाऱ्याचा.

गुन्हेकथेची शिफारस करताना आधी तिची जात सांगावी. खून कोणी केला हे शोधायचं कोडं, खुनी आधीच ठाऊक असून तो सापडतो कसा याची गोष्ट, माणूस त्या थराला का गेला याचा शोध, पोलिसांच्या रोजच्या तपासाचं चित्रण, आणि नुसता पाठलागाचा थरार, हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे वाचकही वेगळे. केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही २००५ सालची जपानी कादंबरी घ्या. इंग्रजी अनुवादातून ती आपल्याकडे बरीच वाचली जाते. तीत खून पहिल्याच प्रकरणात, वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. हे सांगण्याने रहस्य फुटत नाही. उलट सांगितलं नाही तर कोड्याचा भोक्ता ‘खुनी तर कळला की’ म्हणून पुस्तक परत करतो. डाव त्यापुढे आहे, एवढं एक वाक्य पुरतं.

मग किती सांगावं? साधा हिशेब असा: एकूण पानांच्या पाचव्या हिश्शापर्यंत जे घडतं ते सांगायला हरकत नाही. अडीचशे पानांच्या कादंबरीत पहिली पन्नास पानं. त्यापुढचं काहीही नाही, मग ते मलपृष्ठावर का छापलेलं असेना. मलपृष्ठ हा सुरक्षित आधार नव्हे. दीडशेव्या पानावरचा दुसरा खून तिथे बिनदिक्कत छापलेला सापडतो. पात्रांची नावं घ्यायची ती मेलेल्याची आणि तपास करणाऱ्याची. तिसरं नाव घेतलंत की वाचकाचं बोट त्या नावावर ठेवल्यासारखं होतं, कारण शिफारस करणारा विनाकारण नाव घेणार नाही हे त्यालाही कळतं.

‘अनपेक्षित शेवट’, ‘धक्कातंत्र’, ‘तुम्हाला संशयही येणार नाही’ हे शब्द सर्वांत घातक. धक्का आहे असं सांगितलं की सराईत वाचक पहिल्या पानापासून सर्वांत निरुपद्रवी माणसावर पहारा बसवतो आणि निम्म्यात उत्तर काढतो. अगाथा ख्रिस्तींची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ दुसऱ्याला देताना तोंडातून अवाक्षर न काढणं हीच तिची शिफारस. दिली, संपलं.

प्रस्तावनांचं दुखणं वेगळं. मराठीत ज्येष्ठांकडून लांबलचक प्रस्तावना घ्यायची रीत आहे आणि प्रस्तावनाकार बहुधा सगळं कथानक सांगूनच मोकळे होतात. सामाजिक कादंबरीत ते खपतं, गुन्हेकथेत नाही. अशा पुस्तकाच्या शिफारशीत ‘प्रस्तावना शेवटी वाचा’ एवढे तीन शब्द घालावेत.

कोडं प्रामाणिक आहे का, हेही सांगायला हवं. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुन्हेकथेचे दहा नियम मांडले. त्यातले काही आज गमतीचे वाटतात. पण गुप्तहेराला जो धागा सापडला तो वाचकालाही दिसला पाहिजे, हा नियम अजून टिकून आहे. तपासायची रीत सोपी आहे. पुस्तक संपल्यावर उलगड्यात आलेले तीन-चार मुद्दे कागदावर घ्यायचे आणि ते आधी कुठल्या पानांवर आले ते मागे जाऊन शोधायचं. पानं सापडली तर लेखक प्रामाणिक. एखादा जुळा भाऊ किंवा परदेशातून आलेलं पत्र शेवटच्या वीस पानांत पहिल्यांदा उगवलं असेल, तर ‘थरार म्हणून ठीक, कोडं म्हणून नको’ असं स्पष्ट लिहावं. धागा कुठला होता हे अर्थातच लिहायचं नाही.

तपासाचे तपशील आपल्याकडचे समीक्षक पाहतच नाहीत. गुन्हेकथेत तेच पाहायचं असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं जुनं कलम ३०२, नवं १०३. फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं. पण गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल तर खटला २०२६ मध्ये उभा राहिला तरी कलम ३०२च. नव्या कादंबरीत घटना २०२५ ची आणि फिर्यादीत ३०२ असेल, तर लेखकाने जुनंच गिरवलं आहे असं समजावं. हवालदार बोलताना सवयीने ‘तीनशेदोनची केस’ म्हणाला तर ते मात्र खरं वाटतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. ज्यूरी आपल्याकडे केव्हाच बंद झाली. तरी कोठडीतल्या कबुलीवर खटला संपवणाऱ्या कादंबऱ्या निघतात आणि ‘वास्तवदर्शी’ म्हणून त्यांचं कौतुकही होतं.

वैद्यकाचंही तेच. प्रेत ताठरणं जबडा-पापण्यांकडून साधारण दोन ते चार तासांत सुरू होतं, बारा तासांच्या आसपास सगळं शरीर ताठ होतं आणि नंतर ताठरपणा ओसरतो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर, थंडीत उशिरा. त्यामुळे नुसता हात लावून ‘मृत्यू रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी झाला’ असं सांगणारा डॉक्टर फक्त छापील पानावरच असतो. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला की तो प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला वेळ लागतो. त्याच संध्याकाळी विषाचं नाव कळत नाही. हा विलंब जो लेखक कथेत वापरून घेतो, तो कसलेला समजावा.

नाशिकच्या पार्श्वभूमीवरच्या रहस्यकथांना आता ऊत येईल, कारण सिंहस्थ २०२७ तोंडावर आहे. त्यांच्यासाठी एक चाळणी सांगून ठेवतो. वैष्णव आखाड्यांचं स्नान रामकुंडावर, शैवांचं त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात. रामकुंड शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं, त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या. म्हणजे कुशावर्ताच्या पायरीवर प्रेत सापडलं तर तपास त्र्यंबकेश्वर ठाणं आणि ग्रामीणची स्थानिक गुन्हे शाखा करणार. शहर गुन्हे शाखेचं युनिट थेट जाऊन पंचनामा करणार नाही. दोन हद्दींतल्या ओढाताणीत चांगली कादंबरी दडलेली आहे. ज्याला ती ओढाताण दिसलीच नाही, त्याने नाशिक गुगलवर पाहिलं असं म्हणायला हरकत नाही. शैव आखाड्यांचे नागा साधू रामकुंडात उतरवणारा लेखक तर पहिल्याच पानावर नापास.

अनुवादित गुन्हेकथांचा मोठा वाचकवर्ग आहे आणि शिफारशींत अनुवादकाचं नाव सर्रास गाळलं जातं. मूळ भाषा कोणती, अनुवाद थेट की इंग्रजीवरून, संक्षिप्त की पूर्ण, या तीन गोष्टी हव्यातच. मुळात साडेचारशे पानं आणि मराठीत दोनशे वीस, असं दिसलं तर काही तरी कापलेलं आहे. आणि कापताना आधी जातात ती ‘निरर्थक’ वाटणारी वर्णनं, ज्यांत धागे लपवलेले असतात. अनुवादाचा कस पाहायला मधलं कुठलंही संवादाचं पान उघडावं. शिपाई, डॉक्टर आणि मोलकरीण एकाच तोंडाने बोलत असतील तर पुस्तक खाली ठेवावं. चांगला अनुवाद पाहायचा असेल तर अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा पाहावा. पोरांसाठी म्हणून आणलेला मोठ्यांनीच पळवला. मालिकेतली पुस्तकं असतील तर क्रमांक सांगावा आणि मधूनच सुरुवात केली तर चालेल का तेही. गुन्हा स्वतंत्र असला तरी तपास अधिकाऱ्याचं घर, घटस्फोट, मेलेला सहकारी हे पुढे चालू असतं. चौथ्या भागाची पहिली दहा पानं तिसऱ्याचा शेवट सांगून टाकतात.

हिंसेबद्दल सूचना द्यावी की नाही यावर वाद आहे. आमच्या मते द्यावी, पण नाव न घेता. ‘लहान मुलावरील अत्याचाराचा प्रसंग आहे, थेट वर्णन नाही’ किंवा ‘आत्महत्येचं तपशीलवार वर्णन आहे’ इतकं पुरे. प्राणी मारण्याचा प्रसंग असेल तर तोही सांगावा. माणसांचे सात खून पचवणारे वाचक एका कुत्र्यापाशी पुस्तक मिटतात.

आता वाचनालयाच्या बाजूचं थोडं. जाड कादंबऱ्या हल्ली नुसत्या गोंदाने बांधलेल्या येतात. चार-पाच महिने हातोहात फिरल्या की कणा उकलतो आणि आधी सुटतो तो पहिला किंवा शेवटचा फॉर्मा. शेवटचा फॉर्मा म्हणजे सोळा पानं, म्हणजे गुन्हेकथेत सगळा उलगडा. त्यामुळे देवघेवीच्या टेबलावर पुस्तक परत घेताना मुखपृष्ठ पाहून भागत नाही, शेवटची सोळा पानं मोजून घ्यावीत. पाचशेच्या वर पानं असतील तर दाखल नोंदवहीत चढवल्याबरोबर, फाटायची वाट न पाहता, शिवून बांधणी करून घ्यावी. नंतर केलेल्या बांधणीत आतला समास खाल्ला जातो आणि ओळींची टोकं कण्यात जातात. दुसरा उपद्रव म्हणजे पात्रांच्या यादीत किंवा पहिल्या प्रकरणात पेन्सिलीने ‘हाच खुनी’ लिहून ठेवणारे महाभाग. पेन्सिल खोडता येते, पण दाब राहतो आणि तिरप्या उजेडात वाचता येतो. तिथे आणखी दोन-तीन पात्रांच्या नावांपुढे तेच खरडून ठेवावं. पुस्तक विद्रूप होतं खरं, पण रहस्य शाबूत राहतं.

समकालीन कादंबरीचं गणित उलटं आहे. तिथे कथानक सांगितल्याने फारसं बिघडत नाही. भाषा, चाल आणि बांधणी सांगितली नाही तर बिघडतं. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मागणी एकदम वाढली. बहुतेक शिफारशींत ‘विस्थापितांची व्यथा’ इतकंच होतं. ती वाचून पुस्तक नेणारा पहिल्या पानांवर अडखळतो, कारण बोली कोल्हापूरकडची आहे आणि नाशिकच्या कानाला नवी. अशा पुस्तकाची शिफारस साधारण अशी असावी:

‘धरणामुळे उठलेलं गाव. मागे राहिलेली म्हैस रानटी झाली आहे आणि तिला आणायला माणूस बुडालेल्या गावाकडे परततो. घटना थोड्या, माणूस आणि जनावर यांची झटापट हाच गाभा. भाषा बोलीतली, पहिली दहा पानं मोठ्याने वाचावीत म्हणजे कान बसतो. आकाराने लहान, पण भराभर वाचण्याजोगी नाही. सरळ कथानक हवं असेल त्यांनी नेऊ नये.’

पन्नास शब्दांच्या आतबाहेर हे होतं. शेवटचं वाक्य लिहायला संपादक कचरतात, पण कामाचं तेच असतं. कुणी नेऊ नये हे कळलं की कुणी न्यावी हे आपोआप ठरतं.

मनोज बोरगावकर यांच्या ‘नदीष्ट’बद्दल नाशिककरांना सांगायचं ते इतकंच की ही आपल्याच गोदावरीची, पण नांदेडच्या घाटावरची कादंबरी आहे, नदीत पोहणारा निवेदक आणि काठावरची समाजाने बाजूला टाकलेली माणसं. सलग गोष्ट शोधू नये, माणसामागून माणूस भेटत जातो. नंदा खरे यांची ‘उद्या’ २०१४ ची. तिला जाहीर झालेला २०२० चा अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. शिफारशींत हा किस्सा येतो आणि कादंबरी राहून जाते. ती एका नायकाची गोष्ट नाही, अनेक धागे शेजारी शेजारी चालतात, म्हणून सुरुवातीला पात्रांची नावं कागदावर टिपून ठेवावीत. पाळत ठेवणाऱ्या समाजाचं चित्र त्यात आहे, आणि गुन्हेकथा वाचणाऱ्यांनाही ती रुचते असं आमचं मत आहे. प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ तरुण वाचकाला आधी द्यावी, नेमाड्यांच्या ‘कोसला’नंतर लगेच मात्र नको, तुलनेतच पुस्तक संपतं. रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’ पंधरा दिवसांच्या मुदतीत वाचून होत नाही, वाचनालयाने त्याला महिन्याची मुदत द्यावी. आणि हृषीकेश गुप्ते यांची ‘दंशकाल’ रहस्याच्या कपाटात ठेवावी की साहित्याच्या, यावर भांडणं होतात. दोन प्रती घ्या, दोन्हीकडे ठेवा. गुन्हा, भय, गूढ यांना वेगळं कपाट आणि ‘खरं साहित्य’ वेगळं, ही वाटणीच मुळात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाला नाक मुरडणाऱ्यांनी घालून दिली. त्याच नाक मुरडण्यामुळे जुन्या रहस्यकथा नीट जपल्या गेल्या नाहीत. आज एखादी मागितली तर तुकडे मिळतात.

गटाने वाचायचं असेल तर गुन्हेकथेसाठी महिन्यातून एक बैठक पुरत नाही, दोन लागतात. सहा ते आठ माणसं घ्यावीत, त्याहून जास्त झाली की बोलणारे तिघंच उरतात. पुस्तकाचा साधारण दोनतृतीयांश भाग संपतो तिथे प्रकरण पाहून थांबायचं. प्रत्येकाने चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि आधाराला दोन पान क्रमांक लिहून पाकिटात बंद करायचे. पान क्रमांक महत्त्वाचे. ते नसले की नुसतं ‘मला आधीच वाटलं होतं’ सुरू होतं. दुसऱ्या बैठकीत पाकिटं उघडायची. घोळ होतो तो आधी पुस्तक संपवून आलेल्यामुळे. तो बोलत नाही, पण गालातल्या गालात हसतो आणि सगळ्यांना कळतं. त्याला पहिल्या बैठकीचा चहा करायला धाडावं. ऑडिओबुकवर भिस्त ठेवणाऱ्यांनी पान क्रमांकाऐवजी मिनिट लिहावं. मात्र गुन्हेकथा दीडपट वेगाने ऐकू नये, कारण मागे जाऊन ओळ शोधणं तिथे जिकिरीचं असतं आणि धागा नेमका अशा निसटत्या ओळीत असतो.

आपल्याकडे मागणं असं. ‘साभार पोच’ सदरात आणि शिफारशींखाली एक ओळ कायम ठेवावी: लेखक, अनुवादक, मूळ भाषा, प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष, पृष्ठं, किंमत. जागा नसेल तर लेखकाचं छायाचित्र काढावं, ही ओळ काढू नये. गुन्हेकथेची शिफारस दीडशे शब्दांवर जाऊ देऊ नये. जास्त जागा मिळाली की माणूस कथानकात शिरतोच. अभिप्रायार्थ आलेली प्रत आहे की विकत घेतलेली, ते कंसात द्यावं. आणि डिसेंबरात ‘वर्षातली उत्तम पुस्तकं’ छापताना ज्यांनी नावं सुचवली, त्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं का हे विचारून घ्यावं. यादी निम्मी झाली तरी चालेल.

कळावे,
आपले,
नाशिकमधील काही वाचक